अंगणवाडीतल्या मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की नव्याने रुजू झालेल्या अंगणवाडी सेविका आणि बालवाडीच्या बाया हमखास विचारतात, “आमच्याकडे एक मूल आलंय. बोलत नाही, एका जागी बसत नाही. त्याचा आराखडा करायला सांगितलाय. काय लिहू?” बऱ्याच जणींच्या हातात छापील नमुना असतो. त्यात ‘सूक्ष्म कारक विकास’, ‘बोधात्मक क्षेत्र’ असे रकाने असतात. ते कसेबसे भरले जातात आणि कागद कपाटात जातो.

हा लेख त्या बायांसाठी आहे, पहिलीच्या शिक्षकांसाठी आहे आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे त्या आईवडील-आजीआजोबांसाठीही आहे. नमुना कुठलाही असू दे, एक कसोटी लावा : उद्या सकाळी साडेदहाला या मुलाबरोबर कोण, कुठे, काय करणार आहे हे त्या कागदावरून कळतं का? कळत असेल तर तो आराखडा. एरवी ती नुसती माहिती.

प्रमाणपत्र नसलं तरी सुरुवात करा

“दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आलं की बघू” हे वाक्य मी फार ऐकते, आणि त्यात मुलाची सगळ्यात मोलाची दोन वर्षं जातात. आराखड्याला प्रमाणपत्र लागत नाही. ते लागतं सवलतींना आणि पुढच्या हक्कांना. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत. कलम 31 नुसार 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. कलम 16 अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांना सांगतं की भेदभाव न करता प्रवेश द्या, गरजेप्रमाणे सोयी करा, वैयक्तिक आधार द्या आणि प्रत्येक मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 ने 3 ते 8 हे वय शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानलं, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धतीही आणली. तेव्हा “हे माझ्या अंगणवाडीचं काम नाही” असं कोणी म्हटलं तर शांतपणे सांगा, की आहे.

पहिला आठवडा : फक्त बघा आणि लिहा

समजायला सोपं जावं म्हणून एक मूल डोळ्यासमोर ठेवू. वय साडेचार, घर बंदराजवळच्या वाडीत. त्याला बाबू म्हणू. बाबूबद्दल वहीत अशी नोंद होऊ शकते : “चंचल आहे. लक्ष देत नाही. ऐकत नाही.” किंवा अशी :

“गाणं सुरू झालं की दोन मिनिटं बसतो, मग उठून दाराशी जातो. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की कान दाबून बाहेर पळतो. खिचडीचा टोप दिसला की कोणी न सांगता येऊन बसतो. करवंटीतली वाळू दुसऱ्या करवंटीत ओतत कितीही वेळ रमतो.”

पहिल्या नोंदीवरून काहीच करता येत नाही. दुसरीत कामाला लागण्याजोग्या चार जागा आहेत. त्यामुळे आठवडाभर स्वभावाची विशेषणं बाजूला ठेवा. डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहा. दिवसातल्या तीन वेळा धरा : मूल येतं ती, सगळी गोलात बसतात ती आणि जेवणाची.

एखादी गोष्ट पुन्हापुन्हा त्रास देत असेल, म्हणजे मारणं, पळणं, आडवं पडणं, तर तीन रकाने पाडा : आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. पाच-सहा नोंदी झाल्या की बहुतेकदा कारण हाती येतं. गाण्याच्या वेळी ढकलणाऱ्या मुलाला दर वेळी बाहेर नेऊन बसवलं जात असेल आणि त्याला तेच हवं असेल, तर ढकलणं थांबणार कसं?

आवडीनिवडींची यादी मात्र जीव लावून करा. वाळू, पाणी, चाकं, होडीच्या इंजिनाचा आवाज, आजीच्या पदराचा काठ, काहीही चालेल. पुढचं सगळं शिकवणं या यादीवर उभं राहणार आहे.

घरी जा, आणि वेळ बघून जा

मासेमारीच्या वस्तीत सकाळी घरी जाऊन उपयोग नाही. आई लिलावाला नाहीतर टोपली घेऊन बाजारात गेलेली असते. दुपारी तीननंतर जा. बापूस होडीवर खलाशी असेल तर 1 जून ते 31 जुलै हा मासेमारी बंदीचा काळ सोन्यासारखा आहे. होड्या वर ओढलेल्या असतात, बाप्ये घरी असतात. घरी करायचा भाग वडिलांना शिकवायचा तो याच दोन महिन्यांत. वडील मुंबईला चाकरमानी असतील तर गणपतीत येतील, तेव्हाचा एक तास आधीच ठरवून ठेवा.

अनेक घरांत मूल आजी सांभाळते. तिला “काय प्रॉब्लेम आहे?” असं विचारलंत तर ती गप्प होईल, नाहीतर सुनेचं काहीतरी सांगेल. “सकाळी उठल्यापासून काय काय करतो?” असं विचारा. मग ऐकायला मिळेल, “भूक लागली काय माका हाताक धरून पेजेच्या टोपाकडे व्हरता.” या एका वाक्यात केवढी माहिती आहे! मूल सांगतंय. त्याला काय हवं ते ठाऊक आहे, कोण देईल ते ठाऊक आहे, आणि तिथपर्यंत न्यायचं कसं तेही त्याने शोधून काढलंय. हात धरून ओढण्याच्या जागी एखादी खूण किंवा चित्र आणायचं, ही पुढची पायरी आपोआप समोर येते.

घरात कुठली बोली आहे ते नोंदवा. मालवणी घरातल्या मुलाला “तुला पाणी हवं आहे का?” यापेक्षा “पाणी व्हया?” हे शंभरदा कानावर पडलेलं असतं. रत्नागिरीकडच्या मोहल्ल्यातली कोकणी असो की पालघरकडची वारली, पहिले शब्द आणि पहिल्या सूचना त्याच भाषेत ठेवा. ज्या मुलाला भाषाच कठीण जातेय, त्याच्यावर एकदम दोन भाषांचं ओझं टाकू नका. प्रमाण मराठी पहिलीत येईल, घाई नाही.

देवळात गाऱ्हाणं घातलं असेल, नवस बोलला असेल. त्यावर वाद घालू नका. “गाऱ्हाणं घातलंत ना, आता कानही तपासून घेऊया,” एवढं म्हणा. आणि ‘मतिमंद’, ‘वेडसर’ हे शब्द आपल्या तोंडून कधीही जाऊ देऊ नका. आईसमोर नको आणि तिच्या मागेही नको.

तपासणी : कान सगळ्यात आधी

जे मूल बोलत नाही, त्याचे कान तपासल्याशिवाय आराखडा पुढे नेऊ नका. “फटाका वाजला की दचकतो, म्हणजे ऐकू येतं” हे पुरेसं नाही. मोठा आवाज येतो पण बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत, अशी कितीतरी मुलं असतात. कान वाहण्याचा इतिहास जरूर विचारा. लहान मुलाची ‘बेरा’ तपासणी, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे यंत्राने बघणं, ते झोपलेलं असतानाही करता येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित असतं. पथक आलं की तुमच्या आठवड्याच्या नोंदी त्या डॉक्टरांपुढे ठेवा. पाच मिनिटांच्या तपासणीत त्यांना जे दिसणार नाही ते तुमच्या वहीत आहे. फेरी लांब असेल तर वाट बघत बसू नका. आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन ओरोस, रत्नागिरी, अलिबाग इथल्या जिल्हा रुग्णालयात पाठवा आणि तिथे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या विभागाची चौकशी करायला सांगा. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन करता येतो. आपलं सरकार केंद्रावर कागद भरून देतात.

निदान आपण करायचं नाही. “याला ऑटिझम दिसतोय” असं सेविकेने आईला सांगणं चूक आहे, मग अंदाज बरोबर का असेना. आपण म्हणायचं, “हाक मारली तर बघत नाही, बोटाने दाखवत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवूया.”

मुलाला फिट येत असेल तर आराखड्याच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा : औषध कुठलं, किती वाजता, फिट येण्याआधी काय दिसतं. आणि आली तर काय करायचं : कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. चप्पल-कांदा हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर 108 ला फोन.

पाण्याची ओळ

पाण्याच्या धोक्याची ओळ कुठल्याही छापील नमुन्यात मी पाहिलेली नाही. किनारपट्टीवर ती हवीच, आणि उद्दिष्टांच्याही आधी हवी. काही मुलं संधी मिळताच पळतात, आणि त्यांतल्या अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. अंगणवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरात कठडा नसलेली विहीर आहे का, पावसाळ्यात भरून वाहणारा व्हाळ आहे का, समुद्राकडे उघडणारी वाट आहे का, हे स्वतः चालून बघा. मग लिहा : फाटकाला कडी कुठे लावायची, म्हणजे मुलाच्या हाताला लागणार नाही. मूल आत आल्यापासून जाईपर्यंत कुठल्या वेळी कोणाचं लक्ष, सेविकेचं की मदतनिसाचं. “दोघींचं” असं लिहू नका, दोघींचं म्हणजे कोणाचंच नाही. मूल दिसेनासं झालं तर सगळ्यात आधी पाण्याकडे धावायचं, घरोघर विचारणं नंतर. वाटेवरच्या दुकानदाराला आणि जेट्टीवरच्या माणसांना मूल ओळखीचं करून द्या. आईला विचारूनच, पण करून द्या.

उद्दिष्टं : तीनच

सात-आठ उद्दिष्टं लिहिली की एकही होत नाही. तीन महिन्यांना तीन घ्या : एक बोलण्या-सांगण्याचं, एक सगळ्यांत मिसळण्याचं, एक स्वतःचं स्वतः करण्याचं. प्रत्येक वाक्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत : कुठल्या वेळी, किती मदतीने, नेमकं काय करेल, किती वेळा जमलं म्हणजे जमलं. आणि वाक्य “करणार नाही” असं संपू नये. “रडणार नाही” हे उद्दिष्टच नव्हे, रडण्याऐवजी काय करेल ते लिहा.

बाबूचं पहिलं : “जेवताना पाणी हवं असलं की पेल्याचं चित्र उचलून बाईंच्या हातात देईल, कोणी हात न धरता, पाचांपैकी चार वेळा.”

हे शिकवायचं कसं ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच नवी माणसं अडखळतात. दोघी लागतात. सेविका समोर पेला घेऊन बसते. चित्र दोघांच्या मधे, पाटावर. मदतनीस बाबूच्या मागे. बाबूने पेल्याकडे हात केला की मदतनीस काही न बोलता त्याचा हात चित्राकडे नेते, चित्र उचलायला लावते, सेविकेच्या तळहातावर ठेवायला लावते. त्याच क्षणी सेविका “पाणी व्हया!” म्हणते आणि पाणी देते. विचारायचं नाही, वाट बघायला लावायचं नाही, “आधी बोल” म्हणायचं नाही. काही दिवसांनी मदतनीस हाताऐवजी फक्त कोपराला स्पर्श करते, मग तोही सोडते. तहानलेल्या मुलाचं पाणी कधीही अडवून धरू नका. चित्र दिलं नाही तर मदत करून द्यायला लावा आणि पाणी द्या. चित्रं दिली की मूल बोलायचं सोडून देईल ही भीती जवळपास प्रत्येक आजी बोलून दाखवते. तसं होत नाही. उलट, सांगितलेलं समोरच्याला कळतं हे उमगलं की मुलाचा सांगण्यातला रस वाढतो.

दुसरं पावसाचं. “पत्र्यावर आवाज सुरू झाला की बाबू कोपऱ्यातल्या गोधडीवर जाऊन बसेल, बाईंनी बोट दाखवल्यावर, पाचांपैकी चार वेळा.” त्यासाठी भिंतीकडचा, दारापासून लांबचा कोपरा ठरवा, जुनी गोधडी आणि वाळूच्या करवंट्या तिथे ठेवा. कोरड्या दिवशीही त्याला तिथे दोन-तीनदा बसवा, म्हणजे सर आली की जागा ओळखीची असेल. ही शिक्षेची जागा होता कामा नये. इतर मुलांनाही तिथे जाऊ द्या.

तिसरं चपलेचं. चप्पल घालण्याचे तुकडे पाडा आणि शेवटचा तुकडा आधी शिकवा. पाय सरकवणं, टाच बसवणं, पट्टा ओढणं हे सगळं तुम्ही करा, फक्त पट्टा दाबून चिकटवणं त्याच्याकडे. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला रोज मिळतो. ते पक्कं झालं की पट्टा ओढणं आणि चिकटवणं त्याच्याकडे. असं मागून पुढे या.

बसणं, उजेड, साहित्य

काही मुलांना शिकवण्याआधी जागा नीट करून द्यावी लागते. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांवर ताबा नसलेल्या मुलाला भिंतीच्या कोपऱ्यासारखी पाठ असलेली बुटकी खुर्ची गावचा सुतार करून देतो. माप मात्र फिजिओथेरपिस्टकडून घ्या. आधाराने नीट बसलं की हात मोकळे होतात, मगच चमचा, मगच खडू. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की पकड येते. कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी बोलताना दाराकडे पाठ करून उभ्या राहू नका. तुमचा चेहरा काळोखात जातो आणि ओठ दिसत नाहीत. कमी दिसणाऱ्याला काळ्या कापडावर पांढरे शिंपले द्या.

साहित्याला पैसे नाहीत ही अडचण इथे तरी खरी नाही. 1945 साली याच किनाऱ्यावर, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातली बालवाडी सुरू केली ती परिसरातल्याच वस्तू हाताशी घेऊन. शंख, शिंपले, करवंट्या, नारळाची सोडणं, सुपाऱ्या, रंगीत खडे, जाळ्याचा तुकडा यांतून वर्गीकरण, मोजणी, ओवणं, स्पर्शाचे खेळ सगळं होतं. शिंपल्यांच्या कडा घासून घ्या. जे मूल सगळं तोंडात घालतं त्याच्या आसपास सुपारी, चिंचोके, छोटे शिंपले नकोत, घशात अडकतात. त्याला अख्ख्या करवंट्या.

नोंद : चार खुणा

लांबलचक नोंदी कोणी ठेवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज एक अक्षर पुरे. हात धरून केलं तर ‘ह’, करून दाखवल्यावर केलं तर ‘दा’, सांगितल्यावर केलं तर ‘सां’, आपणहून केलं तर ‘स्व’. महिन्याचं पान उलटताना ‘ह’ कमी होऊन ‘दा’ दिसायला लागले की गाडी चालली आहे. दोन आठवडे नुसतेच ‘ह’ असतील तर मुलाला दोष देऊ नका. पायरी मोठी पडली आहे, तिचे आणखी दोन तुकडे करा. किंवा केल्यावर त्याला जे मिळतं ते त्याच्या आवडीचं नाही, आवडीनिवडींची यादी पुन्हा काढा. आजारपण, शिमग्याची धावपळ, पावसामुळे गैरहजेरी हेही त्याच चौकटीत लिहा, नाहीतर नंतर अर्थ लागत नाही.

घरच्यांबरोबर बसणं

आराखडा आधी पक्का करून सहीला नेऊ नका. आई, आजी, सेविका, मदतनीस आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक येऊ शकत असतील तर ते, सगळ्यांनी एका दुपारी बसा. सुरुवात मुलाला काय येतं तिथून करा. मग आईला विचारा, “तीन महिन्यांत एकच गोष्ट जमावी असं वाटलं तर कुठली?” ती म्हणेल, “शी लागली ती सांगूक होयी.” तुमच्या मनात अक्षरओळख असेल, पण तिचं उद्दिष्ट आत घ्या. तिला दिवसातून चार वेळा ते धुवायचं असतं.

घरी एकच काम द्या, आणि जे रोज होतंच त्यात बसणारं द्या : पेज देताना, आंघोळीला, देवाला दिवा लावताना. वेगळा ‘अभ्यास’ दिलात तर तो होणार नाही. घरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी पुरेत. आजीला वाचता येत नसेल तर तिच्या हातून एकदा करून घ्या. मुंबईला किंवा होडीवर असलेल्या वडिलांना त्याच चार ओळी आवाजी मेसेज करून पाठवा. मुलाचे व्हिडिओ, निदान, कागद अंगणवाडीच्या ग्रुपवर मात्र टाकायचे नाहीत. लहान गावात ते कायमचं चिकटतं.

फेरआढावा इथल्या वर्षाप्रमाणे ठेवा : गणपतीच्या सुट्टीआधी, दिवाळीनंतर, शिमग्याआधी. सण-सुट्टीनंतर मूल चार पावलं मागे गेलेलं दिसतं. पहिला आठवडा जुनंच करून घ्या, नवीन काही सुरू करू नका.

पहिलीत जाताना

सहा वर्षं पूर्ण होण्याच्या वर्षी मार्चमध्येच जिल्हा परिषद शाळेत जाऊन या, मुलाला आणि आईला घेऊन. पाखाडीच्या पायऱ्या किती, साकव ओलांडावा लागतो का, संडासाचा उंबरा केवढा, वर्गाचं छप्पर पत्र्याचं आहे का हे बघा. रॅम्प, कठडा, बाकाची जागा यांची मागणी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मार्चमध्ये दिली तर जूनपर्यंत काही होण्याची शक्यता असते.

नव्या गुरुजींना सगळी फाइल देऊ नका, ती वाचली जात नाही. एक पान द्या : मूल सकाळी आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करावं, काय टाळावं, ते ‘हो’ आणि ‘नाही’ कसं सांगतं, कशाने शांत होतं, पाण्याची ओळ, फिटची ओळ. बाबूच्या पानावर पेल्याचं चित्र चिकटवून द्या, आणि तसंच एक चित्र त्याच्या दप्तराला बांधा. आराखड्याची एक प्रत आईकडे पिशवीत रेशनकार्डासोबत राहू दे, म्हणजे मध्येच मुंबईला जावं लागलं तरी तिथल्या शाळेत दाखवता येईल.